दातांच्या दवाखान्यात केसपेपरवर अजून एक ओळ हवी

डेंटिस्टची भीती वाटणं वेगळं आणि त्या खुर्चीत पाठ टेकली की आवाज, उजेड, वास, चव, स्पर्श सगळं एकदम अंगावर येऊन शरीर आपलं ऐकेनासं होणं वेगळं. भीती वाटणाऱ्याला धीर देता येतो, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होईल असं डॉक्टर म्हणतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला धीर देऊन उपयोग होत नाही कारण पुढे दुखेल का हा त्याचा प्रश्नच नाहीये, त्याला आत्ता, सुई तोंडात जायच्या कितीतरी आधी, सहन होईनासं झालेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत हे दोघं एकाच खात्यात जमा होतात, पेशंट कोऑपरेट करत नाही या खात्यात, आणि मग समजावा, दटावा, नाहीतर धरा एवढंच उरतं. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि त्याची सुरुवात नवीन मशीन घेण्यापासून होत नाही, पेशंट खुर्चीत बसायच्या आधी त्याला काय सहन होत नाही हे विचारण्यापासून होते, जे आज जवळपास कुणीच विचारत नाही.

मी स्वतः त्या दुसऱ्या प्रकारातली. चाळिशी उलटली, नोकरी करते, घर चालवते, पण मिक्सरचा आवाज, टी-शर्टच्या मागचं लेबल, गर्दीतला निसटता स्पर्श हे मला लहानपणापासून इतरांपेक्षा खूप जास्त लागतं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे, शब्दांनी बोलत नाही, त्याच्या दातांच्या कामासाठी आम्ही बरेच दवाखाने पाहिलेत. त्यामुळे हे मी दोन्हीकडून बघितलंय, खुर्चीतून पण आणि खुर्चीशेजारी उभं राहून पण.

त्रास ड्रिलपासून सुरू होतो असं डॉक्टरांना वाटतं, पण तो दारापासूनच सुरू होतो. बाहेर चपला काढायच्या आणि तिथल्या रबरी स्लीपर घालायच्या, ज्या आधीच्या कुणाच्या तरी पायांनी ओलसर झालेल्या असतात. आत उदबत्तीचा वास, त्यावर फिनाईल, त्यावर लवंगेच्या तेलाचा तो दातांच्या दवाखान्याचाच असा वास. वेटिंगमध्ये टीव्हीवर मालिका चालू, मागे कॉम्प्रेसरची घरघर, आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी ड्रिल, आणि अपॉइंटमेंट सहाची असली तरी नंबर लागतो पावणेसातला, म्हणजे आत जायच्या आधीच सहन करायची ताकद बरीचशी संपलेली असते. मग खुर्ची, जी न सांगता मागे जाते आणि डोकं एकदम खाली गेल्यावर आपण पडतोय असंच शरीराला वाटतं. दिवा थेट डोळ्यांत. हातमोज्यांचा रबरी वास, कधी त्यावरची पावडर ओठाला लागते. गालाच्या आत कापसाचे बोळे, जे थुंकी शोषून घेतात आणि मग काढताना आतल्या कातडीला चिकटतात. सक्शन जिभेला ओढतं, पाण्याचा फवारा घशाकडे जातो, उमासे येतात, आणि जीभ सैल सोडा, नाकाने श्वास घ्या, आ मोठा करा अशा तीन सूचना एकाच वेळी. चूळ भरायच्या पाण्यात पुदिन्याचं काहीतरी असतं, त्याने इतरांना म्हणे ताजंतवानं वाटतं, मला तोंड भाजल्यासारखं होतं.

आणि मग एअरोटर. १९५७ साली अमेरिकेत जॉन बॉर्डन यांनी हवेच्या दाबावर फिरणारं ड्रिल बाजारात आणलं, त्याचं हे नाव, आपले डॉक्टर आजही तेच म्हणतात. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे, त्यामुळे पूर्वी ज्याला खूप वेळ लागायचा ते काम काही मिनिटांत होतं आणि दातही कमी हादरतो, हे मोठं वरदान आहे यात वादच नाही. पण त्याची ती उंच पट्टीतली शीळ कानांवर हात ठेवून थांबत नाही कारण ती दातातून, जबड्याच्या हाडातून कानापर्यंत पोचते. दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीन सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरतं. ज्याला हे नुसतं नकोसं वाटतं तो डोळे मिटून पडून राहतो. ज्याच्या मेंदूपर्यंत हे सगळं न गाळता, न दाबता, पूर्ण जोराने पोचतं तो पडून राहू शकत नाही, त्याची मान आपोआप वळते, हात आपोआप वर येतो, आणि त्याने तसं करायचं ठरवलेलं नसतं.

याला आपल्याकडे नखरे म्हणतात, मुलगा असेल तर लाडावलेला म्हणतात, बाई असेल तर नाजूक, पुरुष असेल तर त्याला काहीच म्हणत नाहीत कारण तो कुणाला सांगतच नाही, दाढ पूर्ण सडेपर्यंत जात नाही एवढंच. खरं म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही. संवेदनांचा मेंदूत मेळ कसा घातला जातो आणि तो नीट बसला नाही तर काय होतं यावर जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७० च्या दशकातच लिहिलंय, आणि जगभर निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकन नियमावलीच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आवाज, स्पर्श, वास यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांमध्ये रीतसर घातलंय. अर्थात फक्त ऑटिझममध्येच असं होतं असं नाही, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा असणाऱ्यांना होतं, मायग्रेनवाल्यांना होतं, आणि कुठलंही निदान न झालेल्या माणसांनाही होतं.

फार कमी प्रतिसाद, या भागावर मला जरा थांबायचंय कारण तो जास्त धोक्याचा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. काही मुलांना दात किडल्याचं दुखणं जाणवतं पण कुठे दुखतंय ते कळत नाही, किंवा सांगता येत नाही, किंवा खूप उशिरा जाणवतं. मग तो मुलगा जेवण टाकतो, एकाच बाजूने चावतो, गालावर हात मारून घेतो, रात्री उठून बसतो, शर्टाची कॉलर चावत राहतो, आणि घरचे, शाळेतले, कधीकधी डॉक्टरही म्हणतात की याचं वागणं बिघडलंय. वागणं सुधारायची औषधं सुरू होतात आणि दाढेत पू तसाच. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे लक्षात आलं ते त्याच्या थेरपिस्ट ताईंमुळे, त्यांनी सांगितलं की आधी तोंड बघून घ्या. न बोलणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं तर दात, कान आणि पोट हे सगळ्यात आधी तपासायला हवेत, हे खरं तर प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने, प्रत्येक स्पेशल शाळेने पालकांना पहिल्याच भेटीत सांगायला पाहिजे.

बरं या मुलांचे दात किडायची शक्यता पण जास्त असू शकते ती त्यांच्या चुकीने नाही. पेस्टचा झणझणीतपणा सहन होत नाही, फेस सहन होत नाही, ब्रशचे केस हिरड्यांना टोचतात, म्हणून घासणं अर्धवट राहतं. मऊ, चिकट, ठरावीक चवीचंच खाल्लं जातं आणि घास गालात धरून ठेवला जातो. औषधाची सिरप गोड. थेरपीत एखादी गोष्ट जमली की बक्षीस म्हणून चॉकलेट. म्हणजे ज्या मुलाला दातांच्या डॉक्टरांची गरज जास्त त्यालाच तिथे जाणं सगळ्यात अवघड, आणि ही गाठ सोडवायची जबाबदारी आपण पूर्णपणे त्या मुलावर आणि त्याच्या आईवर टाकलीये.

आता धरून ठेवण्याबद्दल. एका दवाखान्यात, नाव सांगायची गरज नाही कारण हे कुठेही घडतं, माझ्या बहिणीला सांगितलं गेलं की तुम्ही पाय धरा, आमच्या मावशी हात धरतील, दोन मिनिटांचं काम आहे. काम झालं. त्यानंतर तो मुलगा पांढरा कोट घातलेल्या कुठल्याही माणसाजवळ जाईना, केस कापायला बसेना, आणि कित्येक महिने आईलाही ब्रश तोंडाजवळ आणू देईना. त्या दोन मिनिटांची किंमत पुढची कित्येक वर्षं मोजावी लागते हे बिलात कुठेच येत नाही. अमेरिकेत एकेकाळी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत बालदंतवैद्यांच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये होती, २००६ मध्ये त्यांच्या संघटनेने ती काढून टाकली. आज जे नेहमीचं वाटतं ते उद्या चुकीचं ठरू शकतं याचं हे पुरेसं उदाहरण आहे. मुलाला आवरून धरणं कधीच करू नये असं मी म्हणत नाही, तोंडात तुटलेलं काही आहे, रक्त थांबत नाहीये, अशा वेळी करावं लागेल. पण ते शेवटचं पाऊल असलं पाहिजे, पालकांना नीट समजावून, त्यांची लेखी संमती घेऊन, आणि आधी काय काय करून बघितलं ते केसपेपरवर लिहून. आज ते पहिलं पाऊल आहे कारण ते फुकट आणि पटकन होतं.

आणि दुसरं काय करता येतं? भरपूर करता येतं, आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. लॉस एंजेलिसच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये ऑटिस्टिक मुलांवर एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीच मुलं, तसंच दात साफ करण्याचं काम, एकदा नेहमीच्या खोलीत आणि एकदा बदललेल्या खोलीत. बदल काय तर वरचे दिवे मंद, छतावर हळूहळू सरकणारी चित्रं, शांत संगीत, आणि अंगावर एक्सरेचा जड एप्रन ठेवून वरून खुर्चीभोवती घट्ट गुंडाळलेलं कापड, म्हणजे सगळीकडून सारखा दाब. बदललेल्या खोलीत मुलांचा शरीरातला ताणही कमी मोजला गेला आणि विरोधही कमी झाला. त्याच्या कितीतरी आधी इस्रायलमध्ये अशाच प्रकारचं काम झालं होतं आणि त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता. ज्यांना हलका स्पर्श सहन होत नाही त्यांना घट्ट दाब बरेचदा शांत करतो, हे माझं स्वतःचं शरीर मला रोज सांगतं. म्हणून डॉक्टर जेव्हा प्रेमाने गालावरून हळुवार बोट फिरवतात तेव्हा मी जास्त दचकते, आणि हनुवटी नीट घट्ट धरली की मला बसता येतं. हे डॉक्टरांना कसं कळणार, विचारल्याशिवाय?

इथे एक धोका आहे तो सांगून टाकते. हा अभ्यास वाचून कुणी प्रोजेक्टर विकत घेईल आणि बाहेर बोर्ड लावेल की इथे स्पेशल मुलांसाठी सोय आहे, आणि मग सगळ्यांना तेच संगीत, तोच दाब. पण माझ्यासारख्या काहींना संगीतच नको असतं, शांतता हवी असते. काहींना कापडात गुंडाळलं तर कोंडल्यासारखं होतं आणि मग ते धरून ठेवण्यापेक्षा वेगळं राहत नाही. एखाद्याला एअरोटरची शीळ चालते पण हळू फिरणाऱ्या ड्रिलचा धडधडाट चालत नाही, दुसऱ्याला बरोबर उलटं. कुणाला दर खेपेला दहा मिनिटांचं काम हवं, कुणाला एकदाच भूल देऊन सगळं उरकलेलं बरं कारण त्याच्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे आठवडाभराची झोप गेलेली. म्हणून मी परत परत विचारण्यावर येतेय.

दुसरी गोष्ट अशी की दात टिकवायचा म्हणजे ड्रिल लावायचंच हे आता खरं राहिलेलं नाही, आणि ही माहिती पालकांपर्यंत पोचतच नाही. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे गावात वीजच नव्हती, तिथे हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून काढून तिथे सिमेंट भरायची पद्धत उभी राहिली, तिला एआरटी म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिला पाठिंबा दिला. विजेविना काम व्हावं म्हणून निघालेली पद्धत ज्याला आवाज सहन होत नाही त्यालाही अगदी बरोबर लागू पडते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रव औषध आहे, ते किडलेल्या जागेवर ब्रशने लावलं की बऱ्याच वेळा कीड पुढे जायची थांबते, त्याने ती जागा काळी पडते हा तोटा आहे आणि पालकांना तो आधी सांगायलाच हवा, पण दुधाच्या दाढेवर एक काळा डाग आणि दुसरीकडे पूर्ण भूल यातलं काय निवडायचं ते पालकांना ठरवू द्या ना. २०२१ मध्ये एआरटीत वापरलं जाणारं ग्लास आयोनोमर सिमेंट आणि हे औषध दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. स्कॉटलंडमधून आलेली हॉल पद्धत आहे, दुधाच्या दाढेवर न कोरता, इंजेक्शन न देता सरळ स्टीलची कॅप बसवायची. हे प्रत्येक दातात चालत नाही, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर नाहीच चालत, आणि कुठे चालेल ते डॉक्टरच ठरवणार. पण पर्याय म्हणून त्याचं नाव तरी पालकांच्या कानावर पडायला हवं.

मोठ्यांसाठीही छोट्या गोष्टी आहेत. माप घ्यायला तोंडात ती गार चिकट पेस्ट भरतात त्याऐवजी जिथे असेल तिथे स्कॅनर वापरता येतो. एक्सरेचा तो कडक सेन्सर जिभेखाली टोचतो, काही कामांना त्याऐवजी उभं राहून काढायचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा बाहेरून काढलेला एक्सरे, पुरतो. मशीनऐवजी हाताने स्केलिंग, म्हणजे दात साफ करणं, होतं, वेळ जास्त लागतो पण होतं. काळा चष्मा, हेडफोन, आपली स्वतःची बिनपुदिन्याची पेस्ट, खुर्ची आधीच मागे करून ठेवणं म्हणजे पेशंट थेट आडवा होईल, डावा हात वर केला की थांबायचं हा करार. आणि तो करार पाळायचा, हे झालंच आता म्हणत अजून अर्धा मिनिट चालू ठेवायचं नाही, कारण हात वर करून कुणी थांबत नाही हे एकदा कळलं की पुढच्या वेळी शरीर हात वर करायची वाट बघत नाही.

डॉक्टरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. डोंबिवली, सांगली, नांदेडमध्ये एका खोलीत दवाखाना चालवणाऱ्या डेंटिस्टवर जागेचं भाडं, खुर्चीचे हप्ते, साहित्याचे वाढते दर सगळं असतं, बाहेर लोक खोळंबलेले असतात, आणि पेशंटला फिलिंगचे पैसे पण जास्त वाटतात. हेल्थ इन्शुरन्समध्ये दातांची नेहमीची कामं बहुतेक वेळा बसत नाहीत त्यामुळे सगळा खर्च खिशातून. अशा डॉक्टरांनी एका मुलासाठी पाऊण तास द्यायचा तर त्याचे पैसे कोण देणार हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की जास्त वेळेचे जास्त पैसे सरळ सांगा, आधी सांगा, बरेच पालक देतील कारण तीन दवाखाने फिरून काहीच न होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारने उभं राहायचं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतचं कव्हर, त्यात ओपीडीमध्ये दातांचे प्रतिबंधक उपचारही धरलेत, पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी पालकांनी कार्ड काढलंय आणि दातांसाठी ते वापरता येतं हे त्यांना माहीतच नाही. आणि बऱ्याच गोष्टींना जास्त वेळ लागतही नाही, उलट वाचतो. दिवसाची पहिली अपॉइंटमेंट दिली तर वेटिंग नाही, दुसरं ड्रिल चालू नाही, टीव्ही बंद ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

कायदाही आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या कलम २५ मध्ये सरकारने आणि स्थानिक संस्थांनी सरकारीच नाही तर खाजगी दवाखान्यांतही अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात प्राधान्य मिळेल याची व्यवस्था करायची असं म्हटलंय. अडथळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर फक्त जिना येतो, रॅम्प बांधला की झालं. पण त्याच कायद्याने अडथळ्याच्या व्याख्येत वातावरणाचे आणि दृष्टिकोनाचे अडथळे पण घातलेत. डोळ्यांत मारलेला दिवा हा वातावरणाचा अडथळा आहे आणि मुलाला वळण लावलेलं दिसत नाही हे डॉक्टरांचं वाक्य हा दृष्टिकोनाचा. पण सगळं कायद्यावर सोडून चालणार नाही कारण त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, निदान लागतं, टक्के लागतात, आणि माझ्यासारख्या असंख्य माणसांकडे यातलं काहीच नसतं. दिवा जरा बाजूला वळवण्यासाठी कुणाकडे सर्टिफिकेट मागायची गरज पडू नये.

अजून एक मोठी पोकळी आहे ती अठरा वर्षांनंतरची. लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट असतात, त्यांना मुलांशी कसं वागायचं याचं शिक्षण असतं, आणि त्यांच्यातले बरेच जण खरंच चांगलं काम करतात. पण ऑटिस्टिक मुलगा वीस वर्षांचा, दाढीमिशीवाला, बापापेक्षा उंच झाला की त्याला कुणी घेत नाही. इंग्लंडमध्ये विशेष गरजा असलेल्या मोठ्या माणसांच्या दातांची काळजी ही २००८ पासून स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे बीडीएसनंतरच्या पुढच्या शिक्षणाच्या, नऊ शाखा आहेत, त्यात ती नाही. दहावी शाखा उद्या सुरू करा म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही, शिकवणारेच तयार व्हायला वर्षं लागतील, पण बीडीएसच्या इंटर्नशिपमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने काही दिवस स्पेशल शाळेत घालवायचे, तिथल्या मुलांचं तोंड तपासायचं, ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबत बसायचं, एवढं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला करता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, त्यात तपासायच्या तीस आजारांच्या यादीत किडलेले दात पण आहेत आणि ऑटिझम पण. म्हणजे सरकारच्या एकाच कागदावर दोन्ही गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आठवड्यातली एक सकाळ फक्त अशा मुलांच्या दातांसाठी राखून ठेवली, मंद दिवे, एकावेळी एकच मूल, पहिल्या भेटीत फक्त खुर्चीत बसायचं आणि आरसा हातात घेऊन बघायचा, तर तालुक्याच्या गावातल्या आईला पुण्या-मुंबईला यावं लागणार नाही.

आणि केसपेपर. बीपी आहे का, शुगर आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, गरोदर आहात का, एवढं आपण सगळे न चुकता भरतो. त्याखाली एक ओळ छापायची, आवाज, उजेड, वास, चव, स्पर्श यातलं काही सहन होत नाही का आणि त्यावर काय केलं तर बरं पडतं. छापायला जास्तीचा खर्च नाही. भरायचं की नाही ते पेशंट ठरवेल. हे प्रत्येकाला विचारलं तर कुणाला वेगळं काढल्यासारखंही वाटणार नाही, आणि ज्या पुरुषाने आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नाही तो कदाचित त्या ओळीवर टिक करेल.

हे होईपर्यंत, ज्यांना पुढच्या आठवड्यात जायचंच आहे त्यांनी ही ओळ स्वतः पाठवावी, मी तेच करते. अपॉइंटमेंट घेतानाच व्हॉट्सॲपवर चार वाक्यं, मला काय चालत नाही, काय चालतं, पहिली वेळ द्या, खुर्ची मागे करायच्या आधी सांगा. खुर्चीत पडल्यावर बोलता येत नाही, म्हणून आधी लिहायचं. मुलासाठी असेल तर दवाखान्याचे फोटो आधी मागून घ्या आणि त्याला घरी क्रमाने दाखवा, दार, बाक, खुर्ची, दिवा, डॉक्टर. मेसेज वाचून जो डॉक्टर एक तरी प्रश्न परत विचारतो त्याच्याकडे जा, जो हसण्यावारी नेतो त्याला सोडा. फक्त गालावर किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, गिळायला, श्वास घ्यायला किंवा तोंड उघडायला त्रास व्हायला लागला तर चांगला दवाखाना शोधत थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि तो मेसेज तिथल्या डॉक्टरांना दाखवा.